काटा सांगतो त्यापेक्षा घड्याळ खरे

विदर्भाच्या आकाशात शिकाऊ वैमानिकांची विमाने वाढणार आहेत. नागपूर फ्लाइंग क्लब जुनाच. गोंदियाजवळ बिरसी येथेही प्रशिक्षण चालते आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. लहान विमानांच्या अपघातांत सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात कोणता असेल, तर तो इंधनाअभावी होणारा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या. इंधनाच्या घोळातून वर्षाला सरासरी पन्नासहून अधिक अपघात झाले होते. त्यांतील ९५ टक्के प्रकरणांत माणूस चुकला होता. निम्म्याहून अधिक वेळा टाकी कोरडी पडली. बाकीच्यांत बहुतेक वेळा इंधन होते, पण ते इंजिनापर्यंत पोहोचले नाही.

प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १५२ चेच पाहा. दोन्ही पंखांतील टाक्यांत मिळून साधारण ९८ लिटर इंधन मावते. तळाचे पाच-सहा लिटर हिशेबात धरत नाहीत. ताशी २३ लिटर खर्च धरला तर हाती उरतात चार तास, तेही कागदावर. समोरून वारा आला की ते आटतात. इंधनाचा काटा तरंगत्या गोळ्यावर चालतो, त्यामुळे वळणात आणि हेलकाव्यात तो फसवतो. दुचाकी ‘रिझर्व्ह’वर पंपापर्यंत नेणाऱ्याची सवय इथे घातक ठरते. उड्डाणापूर्वी टाकीत कांडी बुडवून इंधन मोजावे आणि हवेत घड्याळावर विसंबावे, हे म्हणूनच शिकवतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचे इंधन राखीव लागते.

पावसाळ्यात टाकी भरलेली असूनही धोका असतो. इंधनात पाणी उतरते. दमट हवेत, बाहेर २५ अंश असतानाही, कार्बोरेटरमध्ये बर्फ धरून इंजिन गुदमरू शकते.

इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे कोसळत नाही. वारा नसेल तर ९०० मीटर उंचीवरून सेस्ना सुमारे आठ किलोमीटर तरंगत जाते. हाताशी असतात जेमतेम चार-साडेचार मिनिटे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे २५ जुलै २०२२ रोजी एकटीने उडणाऱ्या प्रशिक्षणार्थीचे विमान शेतात उतरले आणि ती किरकोळ दुखापतीवर बचावली. विदर्भात उन्हाळ्यात रिकामे शेत चालून जाते. पावसानंतर मात्र काळ्या मातीत पुढचे चाक रुतले की विमान उलटते. धुरे आणि विजेच्या तारा वेगळ्याच. ‘आत्ता इंजिन थांबले तर कुठे उतरशील?’ असे प्रशिक्षक मध्येच विचारतात. नागपूरभोवती वस्ती पसरत चालल्याने या प्रश्नाचे उत्तर अवघड होत आहे.