चालकच नाही, मग धरायचे कोणाला?

मंडळी, डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या नागपुरातच, आयआयएमच्या कार्यक्रमात, गडकरी म्हणाले होते की ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. पटण्यासारखेच आहे. पण हा नकार किती वर्षे टिकेल? उद्या अशी गाडी व्हेरायटी चौकात माझ्या अंगावर आली, तर घरच्यांनी कोणाला धरायचे?

अमेरिकेत टेम्पी गावी मार्च २०१८ मध्ये उबरच्या अशा गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंचा जीव घेतला. कंपनीने कुटुंबाशी समझोता केला, पण फौजदारी खटला झाला तो गाडीत देखरेखीला बसलेल्या नोकरदार बाईवर!

आपला मोटार वाहन कायदा त्या मानाने बरा. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख मिळतात, मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून. पण कमावते माणूस गेले तर ५ लाखांत काय होते? जास्त हवे तर कलम १६६ खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो. संगणकाचा निष्काळजीपणा आमच्यासारख्यांनी कसा दाखवायचा? गाडीच्या सगळ्या नोंदी कंपनीच्याच हाती. तेव्हा आपली चूक नव्हती हे कंपनीनेच सिद्ध करावे, असे माझे मत.

वाचकांत कोणी वकील असतील तर माझे कुठे चुकते ते जरूर कळवावे.