कोकरांचे जंत : पाला द्या, पण पापणी बघून



पाऊस सुरू झाल्यापासून फोनवर एकच प्रश्न येतोय. कोकरांना जंताचं औषध पाजायचं, की पळसपापडी, वावडिंग, कडुनिंबाचा पाला चालेल? माझं मत सरळ सांगतो.

झाडपाला खोटा नाही. २००६ साली छापून आलेल्या एका प्रयोगात पळसपापडीची पावडर दिल्यावर मेंढ्यांच्या लेंडीतली जंतांची अंडी ७८ टक्क्यांपर्यंत कमी झाली. पण हा फरक दिसला दहाव्या दिवशी. आणि मात्रा होती वजनाच्या किलोमागे ३ ग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कोकराला ३० ग्रॅम. आपण देतो गुळात चिमूटभर. म्हणून घरच्या घरी ३० ग्रॅम पाजू नका, कोवळ्या कोकराला ते सोसेलच असं नाही.

पावसाळ्यात सगळ्यात घातक तो चौथ्या पोटातला रक्तपित्या जंत. एक जंत दिवसाला ०.०५ मिली रक्त ओढतो. हजार जंत म्हणजे रोज ५० मिली. दहा किलोच्या कोकरात एकूण रक्तच पाऊण लिटरच्या आसपास. ते दहा दिवस कसं थांबेल?

म्हणून खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा.
• लालसर असेल, कोकरू उड्या मारतंय : पाला द्या, माझी हरकत नाही.
• पांढरट असेल किंवा जबड्याखाली सूज असेल : त्याच दिवशी गुरांचे डॉक्टर आणि जंतनाशक. या जंताने हगवण लागतेच असं नाही, तेव्हा लेंडी चांगली आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

'औषधाचा गुणच येत नाही' ही तक्रारही खरी आहे. पण वर्षानुवर्षं एकच औषध, तेही अंदाजाने आणि कमी पाजलं, की जंत त्याला दाद देत नाहीत. वजन करून पाजा. औषध बदलायचं तर डॉक्टरांना विचारून. पाला दिलात की औषध, १० ते १४ दिवसांनी ताज्या लेंड्या तपासून घ्या. गुण आला की नाही ते तिथंच कळतं.

सकाळी दव असताना कोकरं चरायला सोडू नका, ओल्या गवतावर जंताच्या अळ्या चढलेल्या असतात.

आज दिवस मावळायच्या आत प्रत्येक कोकराची पापणी बघा. पांढरी दिसली तर उद्यावर ढकलू नका.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी