रेंजचा आकडा उन्हाळ्यात तपासा

विजेवरच्या मोटारींच्या जाहिरातीतली रेंज चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर मिळत नाही. प्रमाणपत्रासाठीची चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर आणि सौम्य तापमानात होते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 47 अंशांवर जातो, तेव्हा एसी सतत चालवावाच लागतो. त्यात बॅटरी थंड ठेवण्याचा खर्च, भरलेली गाडी आणि खराब रस्ता यांची भर पडते.

दिल्ली सरकारने मार्च 2021 मध्ये टाटा नेक्सॉन ईव्हीचे अनुदान रेंजच्या तक्रारीवरून थांबवले होते. उच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. दावा होता 312 किलोमीटरचा. पुढे कंपनीनेच प्रमाणित आकड्यासोबत प्रत्यक्ष वापरातला अंदाज द्यायला सुरुवात केली. हे पाऊल योग्य आहे, पण ते ऐच्छिक राहू नये.

आलापल्ली, सिरोंचा, भामरागडच्या जंगलातून जाताना चार्ज संपला, तर प्रश्न जिवाचा होतो. म्हणून तीव्र उन्हातली, एसी चालू ठेवून मोजलेली रेंज जाहीर करणे सक्तीचे करावे. राज्याच्या 2025 च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याची सुरुवात गडचिरोलीपासून व्हावी.