शनिवारची दुपार कोणाची?

व्यापारी बांधवांनो, आज कापडाचे भाव आणि उधारी बाजूला ठेवून आम्ही फुटबॉलवर लिहीत आहोत. धंद्याच्या पानावर खेळ कशाला, असे कोणी विचारील. शेवटपर्यंत वाचा, हिशेब धंद्याचाच आहे.

धसईत आमचे कापडाचे दुकान आहे. आजूबाजूच्या पाड्यांवरचे गिऱ्हाईक, लगीनसराईचा बस्ता आणि जूनमधले शाळेचे गणवेश यांवर घर चालते. फुटबॉलचा शौक मात्र जुना. तरुणपणी कुपरेज मैदानावर रोव्हर्स कपचे सामने पाहायला आम्ही एसटीने कल्याण आणि पुढे लोकलने व्हीटी गाठत असू. ती स्पर्धा आता बंद पडली, शौक राहिला. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला भाचीकडे जाण्याचा योग आला. दहा दिवसांत आम्ही ब्लॅकबर्न, बर्नली आणि प्रेस्टन अशा तीन गावांच्या मैदानांवर सामने पाहिले. धसईहून मुरबाडला जावे तशी ही गावे एकमेकांना लागून आहेत.

गावे लहान, पण इतिहास मोठा. १८८८ साली इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात १२ क्लब होते. त्यातले ६ एकट्या लँकेशायरचे, म्हणजे कापड गिरण्यांच्या मुलखातले. हे आपोआप झाले नाही. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांचे काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबवणे बंधनकारक झाले. त्यांच्याशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषही सुटू लागले. सुटलेला कामगार घरी जाऊन दोन घास खाई आणि ३ वाजता मैदानावर जाई. शनिवारी दुपारी ३ चा सामना ही तिथली रीत आजही आहे. शनिवारच्या ३ च्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत. लोकांनी मैदानावर यावे, म्हणून १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता. हे गृहस्थ धंद्याने खाटीक होते.

१८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने साहेबलोकांच्या ओल्ड ईटोनियन्सला २-१ ने हरवून एफए कप जिंकला. त्या संघात विणकर होते, सूत गिरणीचे कामगार होते. अर्ध्या दिवसाच्या सुटीची ही कमाई. आणि हेही लक्षात ठेवा, की याच ब्लॅकबर्नच्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणली जात. त्या मालाने आपल्या विणकरांची रोजी गेली. १९३१ मध्ये गांधीजी शेजारच्या डार्वेनला जाऊन तिथल्या गिरणी कामगारांना भेटले, ते याच कापडाच्या भांडणापायी. पुढे त्याच गिरण्यांत पाकिस्तानातून आणि गुजरातेतून गेलेले आपले लोक पाळ्या करू लागले. २०१० साली पुण्याच्या व्यंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब विकत घेतला आणि २०२२ च्या रमजान ईदची नमाज या क्लबच्या इवुड पार्क मैदानाच्या हिरवळीवर झाली. काळाने किती मोठी उलथापालथ केली!

आता हिशेबाकडे वळतो. इवुड पार्कवर निळ्या-पांढऱ्या मफलरी घातलेले बाप आणि पोरे शेजारी बसलेली पाहिली आणि आम्हांला आमच्या दुकानातले भाऊ आठवले. अठरा वर्षे ते आमच्याकडे आहेत. इंग्लंडला निघण्याच्या महिनाभर आधी ते म्हणाले होते, "शेठ, शनिवारी दुपारी सोडाल का? पोराचा मुरबाडला कबड्डीचा सामना आहे." आम्ही म्हणालो, "भाऊ, सीझनचे दिवस आहेत, पुढच्या वेळी बघू." पोर जिंकले, बापाने पाहिले नाही. आम्ही मात्र दुकान त्यांच्याच भरवशावर टाकून दहा दिवस परमुलखात दुसऱ्यांच्या पोरांचा खेळ पाहत होतो. त्या मैदानावर आम्हांला आमचीच शरम वाटली.

कोणी म्हणेल, खेड्यात गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नाही, सुटी परवडत नाही. लँकेशायरचे गिरणीवालेही असेच म्हणत, की तास घटले तर बाजार दुसऱ्याच्या हाती जाईल. झाले उलटे. कायद्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ, १९१३ पर्यंत, त्यांची कापडाची निर्यात वाढत गेली. त्यांचा धंदा बसला तो महायुद्ध, जपानचा माल आणि आपल्या गिरण्या यांच्यामुळे, शनिवारच्या दुपारीमुळे नव्हे. आपल्याकडेही ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. त्यामुळे मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या नाहीत.

भिवंडीचे यंत्रमागवाले भाऊ म्हणतील, आमच्याकडे मजुरी मीटरवर असते, माग थांबला की कारागिराचेच नुकसान. खरे आहे. म्हणूनच सुटी भरपगारी हवी. बिनपगारी सुटी बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या कारागिराला नकोच असते, आणि मग आपण म्हणतो की त्यालाच सुटी नको आहे.

परत आल्यावर आम्ही भाऊंना दर शनिवारी दुपारी १ नंतर भरपगारी मोकळे करतो. लगीनसराईत शनिवार जमला नाही तर त्या आठवड्यात दुसरी दुपार देतो. त्या वेळी गज हातात घेऊन आम्हीच ठाण फाडतो. दोन-चार गिऱ्हाइके ताटकळून निघून गेली हे कबूल. पण वर्षाची वही उलटून पाहिली, तोटा सापडला नाही.

ज्यांना ऐपत आहे त्यांनी इंग्लंडला जरूर जावे, सामने पाहावेत, त्यात आम्हांला फिजूलखर्ची दिसत नाही. फक्त तिकीट काढण्याआधी आपल्या दुकानात किंवा कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने आपल्या पोराचा खेळ शेवटचा कधी पाहिला, एवढे त्याला विचारावे. उत्तर ऐकून मग बॅग भरावी.