तटस्थतेची चाके

युद्धकाळात तटस्थतेची घोषणा करणे सोपे असते. ती निभावणे मात्र साधनांवर अवलंबून असते. दुसऱ्या महायुद्धातील अफगाणिस्तानचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

ऑगस्ट १९४० मध्ये राजे जाहीरशाह यांनी तटस्थतेचा पुनरुच्चार केला. पण या देशाला ना समुद्रकिनारा होता, ना रेल्वेचे जाळे. मालाची ने-आण उंटांच्या तांड्यांवर आणि मालमोटारींवर चालत असे. त्या मालमोटारी आणि त्यांचे टायर देशात बनत नव्हते. ते बाहेरून आणावे लागत. उत्तरेस सोव्हिएत रशिया, पूर्वेस व दक्षिणेस ब्रिटिश हिंदुस्थान आणि पश्चिमेस इराण. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि रशियाने इराणही व्यापला आणि तिन्ही वाटांच्या किल्ल्या दोस्तांच्या हाती गेल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मागणी केली : जर्मन व इटालियन नागरिकांना देशाबाहेर काढा. काबूलला ती मान्य करावी लागली. नोव्हेंबरमध्ये लोया जिर्गाने तटस्थतेचा निर्धार पुन्हा व्यक्त केला खरा, पण पाहुण्यांची पाठवणी होऊन गेली होती.

पुढे अमेरिकाही युद्धात उतरली. १९४२ च्या प्रारंभी तेथील नागरी मोटारींचे उत्पादन थांबले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानने जिंकल्याने रबर दुर्मीळ झाले. एरवी व्यापाऱ्यांनी परस्पर उरकावा असा ट्रकचा सौदा आता राजदूतांच्या मेजावर आला. विक्रेता युद्धात, जहाज युद्धात, बंदर आणि खैबरची वाटही युद्धातल्यांचीच! काबूलचे राज्यकर्ते वाकले, पण त्यांनी देशाला युद्धाच्या वणव्यातून वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि, वाकावे लागले ते निष्ठेच्या अभावी नव्हे, साधनांच्या अभावी.

युद्ध संपले, तरी वाटेचे परावलंबन संपले नाही. १९६१ मध्ये पाकिस्तानशी असलेली सीमा बंद झाली, तेव्हा अफगाण फळे परदेशी पाठवण्यासाठी विमाने शोधावी लागली. भारतालाही हा अनुभव चुकला नाही. अन्नटंचाईने ग्रासलेल्या अफगाणांसाठी ५०,००० टन गहू देण्याचे आपण ठरवले. परंतु तो कोणाच्या ट्रकमधून न्यावा, यावर पाकिस्तानशी आठवडेच्या आठवडे घासाघीस चालली. अखेर अफगाण ट्रक ठरले आणि २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ५० ट्रकांचा पहिला ताफा अडीच हजार टन गहू घेऊन अटारीहून निघाला. भुकेल्याच्या मुखी घास जाण्याआधी शेजाऱ्याची परवानगी लागली!

म्हणूनच भारताने बांधलेला २१८ किलोमीटरचा झरंज-देलाराम रस्ता आणि मे २०२४ मध्ये चाबहार बंदरासाठी झालेला दहा वर्षांचा करार यांकडे केवळ व्यापार म्हणून पाहणे अदूरदर्शीपणाचे ठरेल. परराष्ट्र धोरणाचे स्वातंत्र्य भाषणांतून सिद्ध होत नाही. ते स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या बंदरात आणि स्वतःच्या वाटेवर सिद्ध होते. ज्याची चाके दुसऱ्याच्या हाती, त्याची दिशाही दुसऱ्याच्याच हाती.