अनुभवाचा रकाना रिकामा नाही

‘आमच्या मुलांनी सीव्हीत लिहायचं तरी काय?’ बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांत हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात आणि वाईट याचं वाटतं की काही प्राध्यापकही विचारतात. त्यामागचा पूर्वपक्ष असा : पुण्यातल्या मुलाकडे इंटर्नशिप असते, ओळखी असतात, सणसर किंवा निमगाव केतकीहून एसटीनं येणाऱ्याकडे गुणपत्रिकेपलीकडे काही नसतं. म्हणून सीव्ही देखणा करावा, इंग्रजी भारदस्त लिहावं आणि बाकी नशिबावर सोडावं. हे म्हणणं मला मुळातच चुकीचं वाटतं. शिवाय ते मुलांचं नुकसान करतं.

‘काही नसतं’ हे आधी तपासू. समजा, रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ बसते. नमुना घेते, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ काढते, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या मूळ दरावरून प्रत्येकाचा भाव लावते. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो, तेव्हा हिशेब जुळवते. फॅट कमी लागली म्हणून चिडलेल्या गवळ्याला आकडा शांतपणे समजावून सांगते. आणि सीव्हीत अनुभवापुढे लिहिते, ‘फ्रेशर’! बारामती एमआयडीसीत श्रायबर डायनामिक्सची डेअरी आहे, फरेरोचा चॉकलेटचा कारखाना आहे. अशा ठिकाणच्या गुणवत्ता विभागात नमुना घेण्याची सवय असलेल्या उमेदवाराला नक्कीच किंमत आहे. पण तिनं लिहिलंच नाही, तर त्यांना कळणार कुठून?

‘दूध केंद्रात काम केले’ एवढ्यानंही भागत नाही. किती उत्पादकांचं दूध, रोज किती लिटर, कोणतं यंत्र, किती महिने काम, चूक सापडल्यावर काय केलं, हे लिहायला हवं. हे आकडे केंद्राच्या रजिस्टरमध्ये आहेतच. इंदापूरच्या डाळिंबबागेत ठिबकमधून विद्राव्य खतं सोडण्याचं वेळापत्रक सांभाळणारा कृषीचा विद्यार्थी, भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाच्या नोंदी ठेवणारा वाणिज्यचा विद्यार्थी, ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयाची नोंदवही सांभाळणारी मुलगी, या सगळ्यांना हेच लागू आहे.

यावर आक्षेप येतो की घरच्या नि शेतातल्या कामाला कंपनी विचारत नाही. यात तथ्य आहे, ते नाकारू नये. सॉफ्टवेअरच्या जागेसाठी ठिबकचं वर्णन पहिल्या ओळीत टाकलं, तर ते वाचलं जाणार नाही. तिथं आधी प्रकल्प यावा. पण त्याच मुलानं घरच्या बागेच्या पाण्याचा हिशेब ठेवणारी एक्सेल शीट केली असेल, तर ती नक्की यावी. म्हणजे निवड जागेनुसार बदलते. 2 मार्च 2024 रोजी बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या आवारात नमो महारोजगार मेळावा झाला. अशा मेळाव्यात एकच कागद झेरॉक्स करून प्रत्येक टेबलावर ठेवण्याची पद्धत मुलांनी सोडली पाहिजे. तीनचाकी बनवणाऱ्या पियाजिओला जे हवं, तेच बँकेला नको असतं.

दुसरा आक्षेप जास्त जुना आणि जास्त हताश : ‘इथं ओळख लागते, कागद कोण बघतो?’ ओळख चालते, हे मलाही दिसतं. पण ‘साहेब, याचं जरा बघा’ म्हणणाऱ्याला तरी पुढे सरकवायला काय लागतं? कागदच. आणि ज्याची ओळख नाही, त्याच्या हातात तर त्या कागदाशिवाय दुसरं काही नाही. वशिल्याच्या नावानं त्यालाच निष्काळजी राहायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

उरला देखणेपणा. सायबर कॅफेतून मिळालेलं ‘आव्हानात्मक वातावरणात संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे’ हे उद्दिष्ट काढून टाका. ते शेकडो अर्जांवर जसंच्या तसं असतं. धर्म, जात, वैवाहिक स्थिती सरकारी अर्जात विचारली तर तिथं भरा. खासगी नोकरीच्या सीव्हीत त्यांचं काम नाही. रंगीत तक्तेही नकोत. मोठ्या कंपन्यांत अर्ज पुष्कळदा आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि तक्त्यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो. नवपदवीधराला एक पान पुरतं. इंग्रजी साधं असावं, मुलाखतीत स्वतःच्या तोंडून सहज येईल असं. न केलेलं एकही काम त्यात नसावं, कारण पहिल्याच उलट प्रश्नाला ते उघडं पडतं आणि मग खऱ्या कामावरचाही विश्वास जातो.

महाविद्यालयांना एक मागणं आहे. प्लेसमेंट कक्ष शेवटच्या सत्रात टेम्प्लेट वाटतात, तोवर फार उशीर झालेला असतो. प्रथम वर्षालाच प्रत्येकाला एक वही द्या आणि वर्गाबाहेर केलेलं काम तारखेसह, आकड्यांसह त्यात लिहायला लावा. सत्राअखेर एखाद्या शिक्षकानं ती वाचावी. सीव्हीचा मजकूर त्या वहीतून निघेल.