‘घरचं वातावरणच नाही हो!’

आम्हां शिक्षकमंडळींनी एक वाक्य फार सोयीचे करून ठेवले आहे. मूल मागे पडले, की मान हलवून म्हणायचे, “घरचं वातावरणच नाही हो!” एवढे म्हटले की सारे हात झटकून मोकळे. मूल दोषी नाही, कारण ते अजाण. गुरुजी दोषी नाहीत, कारण ते शिकवतात. दोष त्या घराचा, जिथे पुस्तकांचे कपाट नाही आणि आईबाप दिवस उगवताच मजुरीला जातात. मीही याच जातकुळीचा, म्हणून हक्काने सांगतो: हे निदान नव्हे, पळवाट आहे.

घराचा प्रभाव मोठा, हे कोण नाकारील? शाळेत येण्यापूर्वी मूल जे बोलणे ऐकते, जी माया अनुभवते, त्यावरच पुढचे शिकणे उभे राहते. पण वातावरण म्हणजे पुस्तकांचे कपाट, हे कोणी ठरवले? १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासींची मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी घरांना नावे ठेवली नाहीत. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. धाकट्या भावंडापायी थोरली घरी अडकते, हे पाहून पाळणाघर, बालवाडी नि प्राथमिक शाळा एकत्र आणली. खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने!

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ साली पेरी बालशाळेचा प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुले. त्यांचे दोन गट. एका गटाला बालशाळा मिळाली, शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईसोबत बसे. मुले चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बालशाळेच्या गटात शिक्षण पुरे करणारे अधिक, पोलिसांच्या हाती लागणारे कमी. यात शाळेचे श्रेय किती, घरभेटीचे किती, हा हिशेब वेगळा मांडता येत नाही. पण घर वगळून ती शाळा चालली नाही, एवढे खरे.

आता, वाचकहो, आपल्या सुशिक्षित घरांत डोकावू. अडीच वर्षांच्या पोराला नर्सरीत घालायचे, भरमसाट फी भरायची, आणि ते घरी आले की हाती मोबाइल देऊन गप्प बसवायचे. आजीने गोष्ट काढली, तर “इंग्रजीतून बोला ना!” म्हणून तिला दटवायचे. कपाट आहे, बोलणे नाही. मग वातावरण नक्की कुणाकडे नाही?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. घरभेट हे अंगणवाडीताईचे कामच आहे. पण वजनाच्या, आहाराच्या नोंदी भरता भरता गोष्ट सांगायला तिला उसंत कुठली? त्यातून तिला द्यायचे ते पगार नव्हे, ‘मानधन’! मान किती नि धन किती, ते तिलाच विचारा.

तिच्यावरचे कागदांचे ओझे उतरवा, तिला रीतसर पगार द्या. गुरुजींनी वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाच्या घरचा उंबरठा ओलांडावा. आणि आपण? दिवाळीचा किल्ला बाजारातून तयार आणू नये. पोराबरोबर मातीत हात घालावेत, आणि ते विचारील त्या शंभर प्रश्नांना न कंटाळता उत्तरे द्यावीत. वातावरण म्हणतात ते हेच. त्याला फी पडत नाही.